उण्या आकड्यांचा मान

बक्षीस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पहिला नंबर उभा राहतो. संमेलनात पहिल्या आलेल्या मुलाला पुस्तक, कुस्तीच्या फडात जिंकलेल्या पैलवानाला फेटा, जनावरांच्या बाजारात सर्वांत देखण्या वळूला गुलाल आणि हार. जो उजवा ठरला त्याचा गौरव, हा जगाचा रिवाज आहे आणि तो वाईट आहे असे नाही. पण तो इतका अंगवळणी पडला आहे की, ज्याने आपल्या घरचे उणे-अधिक जसे होते तसे लिहून ठेवले, त्याचाही कधी सत्कार व्हावा, हा विचार आपल्या मनाला शिवतसुद्धा नाही.

म्हणूनच अमेरिकेतल्या हेरफर्ड गाईंच्या पैदासकारांची एक रीत प्रथम वाचनात आली तेव्हा मला मोठी मौज वाटली. हेरफर्ड ही तांबड्या अंगाची, पांढऱ्या तोंडाची, मूळची इंग्लंडातली जात. 1817 साली हेन्री क्ले या पुढाऱ्याने ती केंटकीत नेली आणि 1881 साली तिच्या अमेरिकन पैदासकारांनी आपली संस्था काढली. ही संस्था काही पैदासकारांची नावे सन्मानाने जाहीर करते. त्यांचा वळू सर्वांत धिप्पाड असतो म्हणून नव्हे, किंवा त्यांची गाय प्रदर्शनात पहिली आली म्हणूनही नव्हे. त्यांनी आपल्या कळपाची नोंद पुरी ठेवली आणि ती वेळेवर धाडली, एवढ्याचसाठी! या मानाचे नाव ‘गोल्ड टीपीआर ब्रीडर’. टीपीआर म्हणजे जनावराच्या कामगिरीची समग्र नोंद. सोने वळूच्या गळ्यात नाही, वहीच्या गळ्यात!

ही जनावरे मांसासाठी पाळलेली. आपल्या गोठ्याचा आणि त्यांचा संसार निराळा. पण वहीचा धर्म दोन्हीकडे एकच आहे, म्हणून त्या वहीत काय लिहितात ते थोडे सांगतो. वासरू जन्मले की लवकरात लवकर त्याचे वजन. गाय सुखरूप मोकळी झाली की हात लावावा लागला, त्याची खूण. वासरू आईपासून तोडताना पुन्हा वजन, वर्षाचे झाल्यावर पुन्हा वजन. आता सगळी वासरे काही एका दिवशी जन्मत नाहीत. म्हणून तोडतेवेळचे वजन हिशेबाने 205 दिवसांच्या वयावर आणतात, म्हणजे थोरल्या-धाकट्याची तुलना रास्त होते. एवढ्यानेही त्यांचे समाधान होत नाही. पहिलारू गाईला दूध कमी, तेव्हा तिच्या वासराला त्याचीही सूट देतात. हे वाचताना माझ्यातला मास्तर खूश झाला. घरी दिवा नसलेल्या मुलाचे गुण आम्हीही असेच काही हिशेबाने मोजले असते तर किती बरे झाले असते!

पण खरी गोम पुढे आहे. नोंद ‘पुरी’ हवी, याचा एवढा आग्रह का? चांगल्या वासरांची वजने लिहिली, दोन-चार रोडकी सोडून दिली, तर कोणाचे काय बिघडले?

समजा, एका कळपात एकाच हंगामातली दहा वासरे आहेत. त्यांतल्या आठांचे सरासरी वजन 230 किलो आणि दोन रोडक्यांचे 180 किलो. दहांची सरासरी 220 येते. कळपातले सर्वांत उत्तम वासरू 245 किलोचे असेल, तर ते सरासरीच्या 25 किलो वर आहे. आता धन्याने त्या दोन रोडक्यांची लाज धरली आणि त्यांना वहीतून गाळले. सरासरी झाली 230, आणि त्या उत्तम वासराचे आधिक्य उरले अवघे 15. म्हणजे दुबळ्याला लपवले आणि सबळाचे दहा किलो कापले गेले! शिवाय ज्या गाईंच्या पोटी ती दोन रोडकी निपजली, त्या गाई निर्दोष ठरल्या आणि त्यांच्या कालवडी पुढच्या वर्षी कळपात मानाने नांदू लागल्या. लपवलेला आकडा मरत नाही. तो एक पिढी दडून बसतो आणि मग पोराबाळांसह बाहेर येतो.

तिकडच्याच रेड अँगस जातीच्या पैदासकारांना ही गोष्ट लवकर उमगली. त्यांची संस्था 1954 सालची. वासरू तोडतानाचे वजन दिल्याखेरीज त्याची नोंदच करायची नाही, असा त्यांचा आरंभापासूनचा दंडक. तरीही पळवाट होतीच. नोंदणीचे पैसे दर वासरामागे पडत, आणि रोडक्या वासरासाठी कोण खिशात हात घालील? तेव्हा 1995 साली त्यांनी हिशेबच उलटा केला. पैसे वासरामागे न घेता गाईमागे घ्यायचे, आणि कळपातल्या प्रत्येक गाईचा दरसालचा जबाब द्यायचा. व्याली तर काय व्याली, नाही व्याली तर का नाही. माणसाचा मोह ओळखून केलेला हा नियम आहे. उपदेशाने जे साधले नसते, ते पैसे घेण्याच्या रीतीने साधले.

दुधाच्या बाबतीत ही वहीची चाल याहून जुनी. डेन्मार्कमधल्या वेयेन या गावी 1895 साली शेतकऱ्यांनी मिळून एक मंडळ काढले. मंडळाने एक माणूस पगारावर ठेवला. त्याने घरोघर फिरायचे, प्रत्येक गाईचे दूध मोजायचे, त्यातली स्निग्धता तपासायची आणि लिहून ठेवायचे. तपासणीची सोय थोड्याच वर्षांपूर्वी झाली होती. 1890 साली विस्कॉन्सिनच्या स्टीफन बॅबकॉक यांनी आम्लाच्या साहाय्याने दुधातली स्निग्धता मोजण्याची सोपी पद्धत शोधली आणि तिच्यावर हक्क न सांगता ती सर्वांना खुली करून दिली. 1905 साली हेल्मर राबिल्ड या डॅनिश माणसाने वेयेनची चाल अमेरिकेत मिशिगनला नेली. मला या सगळ्यात त्या पगारी माणसाचे कौतुक वाटते. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गाईंचे बरेवाईट रोज त्याच्या डोळ्यांसमोर. त्याने एकाचे दूध भर घालून लिहिले असते, तर सगळ्या मंडळाचा पाया खचला असता.

आपल्याकडे ही विद्या वहीत नव्हती, माणसाच्या डोक्यात होती. बाजारात वळू बघायला बसलेले जुने जाणते शेतकरी दात, वशिंड, शिंगांचा पीळ आणि अंगावरचे भोवरे पाहता पाहता त्याच्या आजीपर्यंत जाऊन पोहोचतात. पण डोक्यातल्या वहीला दोन खोडी असतात. एक, ती धन्याबरोबर जळून जाते. आणि दुसरी, चांगले तेवढे ती ठसठशीत ठेवते आणि वाईट हळूच पुसून टाकते.

ही दुसरी खोड नसलेले एक माणूस मला ठाऊक आहे. उदगीर तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर एक वृद्ध बाई आहेत. सारी वस्ती त्यांना आत्या म्हणते. त्यांच्या दावणीला देवणी गाय. तोंडावर काळे आणि अंगाने पांढरी, म्हणजे ज्याला आमच्याकडे वानेरा म्हणतात तो प्रकार. गाईच्या कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला आहे. महिन्यातून एकदा एक तरुण यायचा, सकाळ-संध्याकाळचे दूध मोजायचा आणि लिहून न्यायचा. महिन्याच्या महिन्याला असे मोजून त्यावरून 305 दिवसांच्या वेताचे दूध काढतात. आत्यांनी त्याच्याकडून एक वहीही भरून घेतली होती, कारण ‘त्याच्या मशिनीत गेलेलं मला कसं दिसंल?’ त्यांना अक्षरओळख नाही. वाचून दाखवायचे काम माझ्याकडे असे.

2022 साली लम्पीची साथ आली. गाईच्या अंगावर गाठी उठल्या, ताप चढला, चार लिटरचे दूध दीडवर आले. मोजणारा तरुण भला होता. तो म्हणाला, “आत्या, आजारी जनावराचं काय लिहायचं? ह्या महिन्याचं राहू द्या.”

आत्या म्हणाल्या, “लिही की बाबा. हे बी तिनंच दिलंय. आजारात बी दीड लिटर दिलंय, हे कोण सांगंल मग?”

गाय बरी झाली. पुढे घरात लग्न निघाले आणि तिची कालवड विकायची ठरली. गिऱ्हाईक आले. आत्यांच्या मुलाने आदल्या रात्री वही चाळली होती. तो आईला म्हणाला, “माय, एवढं एक पान काढून टाकू. कोण बघायलंय?”

मी तिथे बसलो होतो. आत्यांनी वही त्याच्या हातून काढून घेतली आणि माझ्या हाती दिली. “गुरुजी, सगळी वाचा. पहिल्यापासून.”

मी वाचली. दीड लिटरचे पान आले तेव्हा गिऱ्हाइकाने मान हलवली आणि किंमत पाडून मागितली. कारण सांगितले तरी त्याने ऐकून न ऐकल्यासारखे केले. लग्नाची निकड होती. कालवड त्याच पडलेल्या भावाने गेली. मुलगा दोन दिवस आईशी बोलला नाही. त्याचे मला नवल वाटले नाही. खरेपणाचे पैसे त्याच्या खिशातून गेले होते. आत्या काही बोलल्या नाहीत. वही मात्र त्यांनी देवळीत परत ठेवली, आणि पुढच्या महिन्यात दूध मोजायला तरुण आला तेव्हा पुन्हा काढली.

अशी माणसे गावोगाव असतील. त्यांनी लिहवून घेतलेल्या दीड-दीड लिटरांवरच उद्याचा वळू निवडला जातो. आपल्या सरकारने 2021 पासून देशी गाई-म्हशी पाळणाऱ्यांसाठी राष्ट्रीय गोपालरत्न पुरस्कार सुरू केले आहेत. 26 नोव्हेंबरला, राष्ट्रीय दुग्धदिनी ते देतात. उत्तम पशुपालकाला, उत्तम दूध संस्थेला आणि उत्तम कृत्रिम रेतन तंत्रज्ञालाही. यातला शेवटचा वर्ग मला फार आवडतो, कारण तो पडद्यामागच्या माणसाला पुढे आणतो. त्याच्या शेजारी आणखी एक वर्ग असावा, एवढेच माझे मागणे आहे. त्यात दूध किती हे विचारू नये. वही पुरी आहे का, आणि तिच्यात उणे आकडे उणेच ठेवले आहेत का, एवढेच पाहावे. तालुक्याच्या जनावरांच्या प्रदर्शनातदेखील हे सहज करता येईल. त्याला एक नारळ, एक उपरणे, एक लुगडे आणि चार माणसांत घेतलेले नाव पुरे. पडलेला भाव त्याने भरून निघणार नाही, हे खरे. पण घरातल्या तरुण मुलाला एवढे कळेल की, आपली आई वेडी नव्हती.

आपल्या दिवाळीने तर हे दोन्ही धर्म केव्हाच जवळ आणून ठेवले आहेत. वसुबारसेला आपण सवत्स धेनूची पूजा करतो. अनेक घरांत त्या दिवशी गाईचे दूध कोणी तोंडाला लावत नाही, ते वासराचे. पुढे थोडेच दिवस उलटले की लक्ष्मीपूजनाला व्यापारी आपल्या वह्या पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहतो. त्या वहीत नफा असतो तसा तोटाही असतो, आणि पूजा साऱ्या वहीची होते. तोट्याची पाने फाडून कोणी वही पाटावर ठेवीत नाही. यंदा ज्यांच्या दावणीला गाय आहे, त्यांनी वसुबारसेच्या ताटात एक कोरी वही ठेवून पाहावी. पहिल्या पानावर त्या दिवशीचे दूध लिहावे. वासराने प्यालेले सोडून जे उरले असेल तेवढेच, आणि ते कितीही थोडे असले तरी.