"अर्ज स्वीकारला." बरं, मग पुढे?

परवा शिवऱ्यात हायवेच्या कडेला टपरीवर चहा घेत होतो. शेजारच्या तात्यांनी मोबाईल पुढं केला. "वाच रे जरा, काय म्हणतंय?" एका योजनेचा मेसेज होता. अर्ज स्वीकारला, कार्यवाही सुरू आहे. तात्या म्हणाले, "चार महिने झाले, हेच म्हणतंय. केंद्रवाला म्हणतो, माझ्याकडनं गेलंय. मग अडलंय कुठं?"

भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, बटण दाबलं की काम होत नाही, काम रांगेला लागतं. पडद्यामागे दुसरा प्रोग्राम एकेक अर्ज उचलतो, आधार तपासतो, बँकेला कळवतो. तो मध्येच बंद पडला तरी समोरच्या पानावर सगळं हिरवंगारच दिसतं."

मग याची तपासणी कशी करतात? अर्ज खरंच रांगेत गेला का? उचलल्यावर योग्य खात्यावर योग्य रक्कम लागली का? मध्येच नेट गेलं आणि तेच काम पुन्हा चाललं, तर पैसे दोनदा जाणार नाहीत ना? काम फसलं तर कुणाला कळतं का? खोट्या नावांचे अर्ज तयार ठेवायचे आणि प्रोग्राममध्ये एक ओळ जरी बदलली, तरी हे सगळे प्रश्न यंत्रानंच आपोआप पुन्हा तपासायचे.

आता २०१७ ची कर्जमाफी आठवा. ३४ हजार कोटींची घोषणा, ऑनलाइन अर्ज, १८ ऑक्टोबरला ऐन दिवाळीत प्रमाणपत्रं वाटली. आणि मग याद्यांचा घोळ बाहेर आला. अर्जातली माहिती आणि बँकांची माहिती जुळेना. फोटो निघाले, पैसे मात्र अडकले.

२०२० च्या कर्जमाफीत २४ फेब्रुवारीला पहिली यादी आली ती फक्त ६८ गावांची, १५,३५८ खात्यांची. आधी थोडक्यात चालवून बघितलं, मग पुढच्या याद्या. हे शहाणपण होतं. पण भाचा म्हणतो ते मला पटलं: "गावावर चाचणी घेण्याआधी ती खोट्या नावांवर हजार वेळा व्हायला हवी. खोट्या नावाला उपाशी राहावं लागत नाही."

यात आम्हा पत्रकारांचीही चूक आहे, मान्य करतो. घोषणा पहिल्या पानावर छापली, रांगेत किती अडकले हे कधी विचारलं नाही. मीही नाही.

तेव्हा मंडळी, पुढचं पोर्टल सुरू होईल तेव्हा उद्घाटन कोण करतंय हे बघू नका. तीनच गोष्टी विचारा. किती अर्ज रांगेत आहेत? किती फसले? फसलेला अर्ज कुणाच्या टेबलावर जातो?

तात्यांना अजून उत्तर मिळालेलं नाही. त्यांच्या मोबाईलवर कार्यवाही सुरूच आहे.