जास्तीची चार चाकं

माधवनगरजवळ कवलापूरला विमानतळासाठीची जागा आहे, विमान नाही. म्हणूनच असेल, विमान किती वेगात उडतं यापेक्षा ते कसल्या जमिनीवर उतरू शकतं याचं मला जास्त कुतूहल.

इंडियन एअरलाइन्सकडे १९८९ मध्ये एअरबस ए-३२० आलं. वैमानिकाची आज्ञा संगणकामार्फत पंखांपर्यंत नेणारं, तेव्हाचं अत्याधुनिक विमान. इतरत्र त्याच्या मुख्य चाकांची जोडी प्रत्येक बाजूला एकच. इंडियन एअरलाइन्सने दोन-दोन मागवल्या. आपल्या अनेक धावपट्ट्या तेवढ्या भक्कम नव्हत्या. वजन जास्त चाकांवर वाटलं, की जमिनीवरचा दाब कमी होतो.

पुढे धावपट्ट्या सुधारल्या. चाकं राहिली. दर उड्डाणाला त्यांचं ओझं वाहायचं, त्यापायी इंधन जाळायचं. २०१० च्या दशकात ही विमानं एकेक करून सेवेतून गेली. नव्या ए-३२० ला बाजूला एकच जोडी असते.

आमच्या कोडमध्येही अशी चाकं असतात. जुन्या फोनसाठी, कमी रेंजसाठी लिहिलेल्या ओळी. ‘आता कोण वापरतंय?’ म्हणून मीटिंगमध्ये त्या काढायचं ठरतं. मी आधी आईला फोन करतो, “ॲप उघडतंय का गं?” कधी उघडतं, कधी नुसतंच गोल फिरत राहतं. फिरत राहिलं, तर ओळी ठेवायच्या म्हणून मी भांडतो.