हौसेची मोटार आणि हाताचा ब्रेक

मोटार कारखान्यात तयार होते, हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. पण कुणी भला माणूस सुटे भाग जमवतो आणि घरामागच्या पडवीत अख्खी मोटार बांधतो, असे सांगितले तर तुम्ही म्हणाल, ‘हे काय घर शाकारण्याइतके सोपे आहे?’ सोपे नाही, पण अशा मोटारी जगात हजारोंनी आहेत. आणि वाचकहो, हाताने बांधलेल्या मोटारींचे एक ठिकाण आपल्या रायगड जिल्ह्यातच होते.

आमच्या कासूहून वडखळला जावे, तिथून डावीकडे अलिबागचा रस्ता धरावा. पोयनाड मागे पडले की पुढे कार्लेखिंड लागते. तिथे या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत चिंकारा मोटर्स नावाच्या एका छोट्या कंपनीने हातबांधणीच्या मोटारी काढल्या. त्यांतली ‘रोडस्टर’ म्हणजे दोन माणसांची, उघडी, बुटकी, लांब नाकाची गाडी. इंजिन मात्र इसुझूचे १.८ लिटरचे, ज्या जातीचे आपल्या अम्बॅसडरमध्ये बसत होते. म्हणजे रूप परदेशी आणि काळीज ओळखीचे!

हा घाट मूळचा इंग्लंडचा. तिथे १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ नावाची गाडी काढली. वजन पाचशे किलोच्या आसपास, म्हणजे आपल्या अम्बॅसडरच्या निम्म्याहून कमी. त्या काळी इंग्लंडात तयार मोटारीवर विक्रीकर भारी होता, सुट्या भागांवर मात्र तो लागत नसे. म्हणून ही गाडी सुट्या भागांत, खोक्यांत भरून मिळे आणि घेणारा ती घरी जोडी. जोडणीची पुस्तिका दिली तर कर लागेल, म्हणून गाडी सोडवायची कशी याची माहिती देत आणि गिऱ्हाईक ती उलटीकडून वाची, अशी गोष्ट सांगतात. १९७३ साली तिकडची करपद्धत बदलली आणि ही सवलत गेली. पण लोकांच्या हाताला लागलेली चटक काही गेली नाही. त्याच वर्षी त्या गाडीचे हक्क केटरहॅम या कंपनीने घेतले आणि गाडी पुढे चालू राहिली.

पुढे अशा गाड्यांची तिकडे जत्राच भरू लागली. स्टोनली येथे अनेक वर्षे तिचे मोठे प्रदर्शन भरले. तुम्हाला गंमत वाटेल, पण हे स्टोनलीचे मैदान मूळचे शेतकऱ्यांचे. १९६३ पासून २००९ पर्यंत तिथे इंग्लंडचे नामांकित शेतकी प्रदर्शन भरत होते. जिथे बैल-मेंढरे पारखायची, तिथेच लोक घरी बांधलेल्या मोटारी पारखायला येत.

या गाड्यांचे अंग बहुधा फायबरचे असते. ते कसे करतात हे पेणच्या आसपासच्या माणसाला वेगळे शिकवायला नको. आपल्याकडे गणपतीची मूर्ती करताना आधी एक मूळ मूर्ती घडवतात, तिच्यावरून साचा काढतात आणि साच्यातून पुढच्या मूर्ती निघतात. मोटारीचेही तसेच. साच्यात काचेच्या धाग्यांचे कापड आणि राळ यांचे थर द्यायचे, वाळले की कवच सोडवून घ्यायचे. आत लोखंडी नळ्यांचा सांगाडा, आणि इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल एखाद्या जुन्या गाडीचे. पत्रा ठोकणाऱ्या अजस्र यंत्रांची गरज उरत नाही, म्हणून तर हे काम पडवीत होऊ शकते.

मागे मुंबईत हौशी लोकांच्या गाड्यांचे एक प्रदर्शन होते. माझा भाचा मागे लागला म्हणून त्याला घेऊन गेलो. हा पोरगा आमच्याकडे ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर दुरुस्त करतो, त्याच्या हातात पाना शोभतो. तिथे चकचकीत जुन्या मोटारींभोवती ही गर्दी! हा मात्र एका कोपऱ्यात हातबांधणीच्या दोन गाड्यांजवळ जाऊन बसला तो उठेना. वाकून खालून बघ, वेल्डिंगवर बोट फिरव, मालकाला विचार. तो मालकही सज्जन. त्याने बॉनेट काढून बाजूला ठेवले आणि पोराला तासभर समजावून सांगितले. मी आपला एकच प्रश्न विचारला, “ही थांबते कशी?” मालक हसला. म्हणाला, “काका, पळवण्यापेक्षा थांबवण्यावरच माझे जास्त दिवस गेले.”

घरी आल्यावर भाच्याच्या डोक्यात एकच खूळ. आपणही अशी गाडी बांधायची आणि विकायची. पैसे कुठून? तर रस्त्याकडेचे पाच गुंठे फुंकून! माझी आक्का, म्हणजे त्याची आई, रडकुंडीला आली. “भाऊ, तूच सांग त्याला,” म्हणाली. मी त्याला म्हटले, “बाबा रे, आधी भंगारातून शेतावरची गाडी कर. ती धड चालली तर पुढचे बोलू.”

त्याने केली हो! पंपाचे जुने डिझेल इंजिन, भंगारातला जीपचा मागचा एक्सल, आणि लोखंडी सांगाड्यावर फळ्या. कापणी झाल्यावर खारजमिनीतले भाताचे भारे त्या गाडीवर लादले, वर आक्का बसली. सगळे वाहवा करीत होते. बांधावर चढताना इंजिन बंद पडले आणि गाडी सरळ मागे घरंगळली. पायातला ब्रेक एकाच चाकावर धरत होता, हाताचा ब्रेक मुळी नव्हताच. गाडी बांधाच्या दगडाला अडली म्हणून बरे. भारे पाण्यात गेले, आक्काच्या कोपराला खरचटले, एवढ्यावर निभावले.

भाचा म्हणाला, “मामा, इंजिन बंद पडले म्हणून झाले.”

मी म्हटले, “इंजिन कधीतरी बंद पडणारच. त्या वेळी वर बसलेल्या माणसाचे काय, याचा विचार करील तो गाडी बांधणारा. बाकीचे नुसते जोडणारे.”

तो दोन दिवस बोलला नाही. पण तिसऱ्या दिवसापासून त्याने दोन्ही चाकांचे ब्रेक उघडले, हाताचा ब्रेक बसवला, गोण्या लादून त्याच चढावर गाडी पुन्हापुन्हा थांबवून पाहिली. वर मात्र कुणाला बसू दिले नाही. पाच गुंठ्यांचा विषय त्याने आपणहून सोडला.

आता कायद्याकडे वळू, कारण इथेच खरी गोम आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. नवी गाडी बनवायची, तर १९८९ च्या नियमांप्रमाणे तिचा नमुना पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या मान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. जुन्या गाडीत मूळ बनावटीपेक्षा वेगळे फेरफार करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये सांगितले. इंग्लंडात मात्र एकट्या माणसाने बांधलेली एकच गाडी तपासण्याची सोय १९९८ साली झाली. ब्रेक, दिवे, पट्टे, सांगाडा सारे तपासतात, आणि उतरली तर नंबर मिळतो.

आपल्याकडे हात कमी नाहीत. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘मीरा’ नावाची छोटी, स्वस्त मोटार स्वतः घडवली आणि १९७० च्या दशकापर्यंत तिचे सुधारलेले नमुने केले. नॅनोच्या कितीतरी आधी! पण तिचा कारखाना काही उभा राहिला नाही. अगदी अलीकडे, २०२१ च्या डिसेंबरात, सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावच्या, एका कारागिराने मुलासाठी भंगारातून चारचाकी केली. पायाने किक मारून सुरू होणारी ती गाडी सगळ्या देशाने पाहिली. आनंद महिंद्रांनी कौतुक केले, पण नियमात बसत नसल्याने अधिकारी आज ना उद्या ती अडवतील, हेही स्पष्ट सांगितले. तिच्या बदल्यात त्यांनी नवी बोलेरो देऊ केली आणि २०२२ च्या जानेवारीत ती दिलीही.

हे चांगलेच झाले. तरी मला एक गोष्ट बोचते. आपल्याकडे अशा कारागिराच्या वाट्याला एक तर कौतुक येते, नाहीतर बंदी. त्याला खरी हवी असते ती तपासणी. ‘तुझे इथे चुकले, एवढे सुधारून आण,’ असे सांगणारा जाणता माणूस हवा. परीक्षाच नसेल तर हुशार पोराला आपण कुठे कच्चे आहोत हे कळणार कसे? ते मग बांधावर, नाहीतर मुंबई-गोवा हमरस्त्यावर ट्रकसमोर कळते, आणि तिथे प्रत्येक वेळी दगड आडवा येत नाही.

म्हणून वाचक बंधु-भगिनींनो, तुमच्या घरात असा खटपट्या पोरगा किंवा पोरगी असेल, तर त्याच्या भंगाराला नाके मुरडू नका. पडवीचा एक कोपरा द्या. जमले तर आय.टी.आय.त घाला, म्हणजे हाताला हिशेबाची जोड मिळेल. जमीन मात्र हौसेपायी मोडू नका, आणि बिननोंदणीची गाडी शेताबाहेर काढू देऊ नका. गाडी पहिल्यांदा सुरू झाली की सगळे घर टाळ्या वाजवील. तुम्हीही वाजवा. मग भरल्या ओझ्यासह ती चढावर उभी करायला सांगा, आणि ती जागची हलली नाही, तर त्याच्या पाठीवर शाबासकीची थाप द्या.