पानाच्या दोन बाजू

लुईस कॅरलच्या ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’मध्ये अ‍ॅलिस आरशातून पलीकडच्या खोलीत शिरते, ते पान निरखून पाहावं असं आहे. जॉन टेनिएलने या प्रसंगाची दोन चित्रं काढली आणि १८७१ च्या आवृत्तीत ती एकाच पानाच्या पुढे-मागे छापली गेली. पुढच्या बाजूला अ‍ॅलिस शेकोटीवरच्या फळीवर चढून काचेला हात लावते आहे. पान उलटलं की ती तोंड आपल्याकडे करून बाहेर येते, आणि तिथल्या घड्याळाला हसऱ्या म्हाताऱ्याचा चेहरा फुटलेला असतो. कागद हाच आरसा! वाचणाऱ्याचं बोट हलल्याशिवाय अ‍ॅलिस पलीकडे जात नाही. मजकुरात जे घडतं ते इथे हाताला घडतं, आणि हे एकट्या शब्दांना कधीच साधलं नसतं.

चित्र म्हणजे मजकुराची सजावट, हा समज म्हणूनच मला अपुरा वाटतो. चांगलं चित्र शब्दांच्या डोक्यावरचं ओझं उतरवतं. अ‍ॅलिसच्या १८६५ च्या पहिल्या पुस्तकात ग्रिफिन येतो तेव्हा कॅरल त्याचं वर्णन करत बसत नाही. ठाऊक नसेल तर चित्र बघा, असं सांगून मोकळा होतो आणि गोष्ट पुढे पळते. उलटही झालं. ‘लुकिंग-ग्लास’मधल्या केसांचा टोप घातलेल्या गांधीलमाशीचं चित्र काढणं कलेच्या आवाक्याबाहेरचं आहे, असं टेनिएलने १८७० साली कळवलं आणि कॅरलने तो सगळा प्रसंगच गाळला. चित्रकाराच्या नकाराने पुस्तकाची लांबी बदलली.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरचा. आपल्या पुस्तकांत चित्रं घालायला त्याचा सक्त विरोध होता. १८६२ च्या एका पत्रात त्याने कारण दिलं आहे: रेखाटलेली स्त्री एकाच स्त्रीसारखी दिसते, लिहिलेली स्त्री हजार स्त्रिया मनात उभ्या करते. त्याच्या नायिकेपुरतं, एमा बोव्हारीपुरतं, हे मला पूर्ण पटतं. तिचा चेहरा वाचकाकडेच राहायला हवा. पण प्रत्येक गोष्ट वाचकाच्या कल्पनेला चेहराच मागते असं थोडंच आहे? ‘चांदोबा’ मासिकातल्या वेताळकथांसाठी चित्रकार शंकर यांनी काढलेला राजा विक्रम वर्षानुवर्षं तोच राहिला: हातात तलवार, खांद्यावर प्रेत, पाऊल पुढे. त्या राजाचा चेहरा मुलांसाठी कायमचा ठरून गेला, तरी त्यांची कल्पना उपाशी राहिली नाही, कारण वेताळाची गोष्ट वाचकाला कामाला लावते ती शेवटच्या प्रश्नावर. तिथे चित्र गप्प असतं, आणि ते गप्प असतं म्हणूनच मूल उत्तर शोधत बसतं.

मात्र चित्राची जागा हलली की हे सगळं बिघडतं. फोनच्या पडद्यावर अ‍ॅलिसची ती दोन चित्रं एकाखाली एक आली, तर उलटायला पान उरत नाही. अ‍ॅलिस एकाच वेळी आरशाच्या दोन्ही बाजूंना दिसते.