वेग आणि वांटणी

एकत्र कुटुंबांतील कुरबुरींचे विषय बदलतात, स्वभाव बदलत नाहीं. पूर्वीं नळाचें पाणी, न्हाणीघर आणि सकाळचें वर्तमानपत्र यांवरून आमच्या घरीं बोलाचाली होई. हल्लीं ती इंटरनेटच्या वेगावरून होते. घरांत माणसें नऊ, कॉम्प्युटर तीन, मोबाइल त्याहून अधिक, आणि या साऱ्यांना बाहेर नेणारी वाट एकच.

दर रविवारीं सायंकाळीं सात वाजतां आमचे वडील, नाना, दिवाणखान्यांतील कॉम्प्युटरपुढें बसून लंडनला असलेल्या ताईशीं बोलतात. गेल्या पावसाळ्यांत या बोलण्यांत विघ्न येऊं लागलें. नाना प्रश्न विचारीत. ताई गप्पच दिसे. तिला कांहीं खटकलें कीं काय, या शंकेनें ते पुन्हां बोलूं लागत आणि नेमकें तेव्हांच तिचें उत्तर येई. मग दोघेंही थांबत. होतां होतां “बरें आहे, ठेवतों” म्हणून नाना पांच मिनिटांतच उठूं लागले. एकदां मला म्हणाले, “अरे, तिला आतां माझा कंटाळा येतो. साधें उत्तर द्यायचें तरी तिला विचार करावा लागतो.”

मीं लगेच न्यायाधीशाचें आसन पटकावलें आणि कॉलेजांत जाणाऱ्या पुतण्याला दोषी ठरविलें. रविवारचे त्याचे खेळ बंद केले. बिचारा कांहीं बोलला नाहीं; पण गुणही आला नाहीं. मग दरमहा अधिक पैसे मोजून ५० मेगाबिटांची जोडणी १०० ची करून घेतली. वेग मोजला, आंकडा दुप्पट दिसला, मला धन्य वाटलें. परंतु हा आंकडा माहिती घरांत येण्याचा होता; घरांतून बाहेर पाठविण्याची मर्यादा पूर्वींप्रमाणेंच १० ची राहिली होती, हें मीं पाहिलेंच नव्हतें.

“काका, तुम्हीं वेग मोजलात, विलंब मोजला नाहींत,” अखेर पुतण्याच म्हणाला. त्यानें ‘पिंग’ ही आज्ञा चालविली. एक लहानसा संदेश जाऊन परत यावयास किती वेळ लागला, तें ही आज्ञा सांगते. शनिवारीं बाहेरची फेरी वीस-पंचवीस मिलिसेकंदांत होत होती. रविवारीं सात वाजतां तिलाच एक सेकंदाहून अधिक वेळ लागूं लागला. राउटरपर्यंतची फेरी मात्र तेव्हांही दोन-तीन मिलिसेकंदांत पुरी होई. म्हणजे दोष घरांतल्या वायफायचा नव्हता. खोळंबा उंबरठ्यावर होता. मग आम्ही एकेक यंत्र बंद करीत गेलों. माझा कॉम्प्युटर बंद होतांच विलंब नाहींसा झाला! घरांतले जुने फोटो दूरच्या साठवणींत पाठविण्याचें काम मींच त्याला लावून दिलें होतें, दर रविवारीं साडेसहाला.

याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. माहिती लहान लहान पुडक्यांच्या रूपानें प्रवास करते. वाट अरुंद असली कीं जास्तीचीं पुडकीं यंत्राच्या स्मृतींत, ज्याला बफर म्हणतात तेथें, थांबून राहतात. १९८६ च्या ऑक्टोबरांत कॅलिफोर्नियांत, जेमतेम चारशें यार्डांवरच्या दोन संस्थांमधील जाळें गर्दीनें कोंडून वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. त्यानंतर व्हॅन जेकबसन यांनीं १९८८ सालीं उपाय मांडला: पुडकें हरवलें कीं गर्दी झाली असें समजून पाठविणाऱ्यानें हात आंखडावा. पण पुढें स्मृति स्वस्त झाली, बफर मोठे झाले. आतां पुडकें हरवत नाहीं, नुसतें ताटकळतें. आणि पाठविणाऱ्याला गर्दीची वार्ताच लागत नाहीं. जिम गेटिस यांना २०१० सालीं स्वतःच्या घरीं हाच अनुभव आला आणि या विकाराला ‘बफरब्लोट’ हें नांव मिळालें. २०१२ मध्यें कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनीं त्यावर तोड काढली: रांग किती लांब आहे हें न पाहतां पुडकें रांगेंत किती वेळ तिष्ठलें, तें पाहावें.

आमच्या राउटरांत अशी सोय होतीच. ती चालूं करून बाहेर पाठविण्याची मर्यादा १० ऐवजीं ९ मेगाबिट ठेवली. एवढा थोडा वेग सोडला म्हणजे रांग बाहेरच्या यंत्रांत न लागतां आपल्या राउटरांत लागते, आणि तेथें बोलण्याचीं चिमुकलीं पुडकीं फोटोंच्या ढिगामागें अडकत नाहींत. ज्यांच्या राउटरांत ही सोय नसेल, त्यांनीं फोटो पाठविणाऱ्या प्रोग्रॅमलाच मर्यादा घालावी. माझें काम मीं रात्रीं दोनवर ढकललें. या सर्वाला एक पैही लागली नाहीं. महिनाअखेर जोडणीही पुन्हां ५० ची केली. पुतण्याची क्षमा मीं जेवतांना सर्वांसमक्ष मागितली.

नानांना मीं सारें समजावून सांगितलें. ताई उत्तर देण्यापूर्वीं विचार करीत नव्हती. नानांचा प्रश्नच आमच्या घराबाहेर पडलेला नसे. नाना बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे तुटक मीच बोलत होतों. या रविवारीं मला थोडें आधीं बसूं दे.”