डोर काउंटी : सर्वांसोबत, सावकाश

मुलांकडे अमेरिकेत राहायला गेलेल्या आई-वडिलांचे दिवस कसे जातात, हे आपल्यापैकी अनेकांना अनुभवाने ठाऊक आहे. घर प्रशस्त असते, नातवंडांचा लळा असतो. परंतु मोटार चालवता येत नाही, पायी जाण्याजोगे ठिकाण जवळ नसते आणि खिडकीबाहेरचा रस्ता दिवसभर निर्मनुष्य असतो. मग सुट्टीत मुले हौसेने सहल आखतात. दोन दिवसांत दहा ठिकाणे! तिसऱ्या ठिकाणी बाबांचे गुडघे दुखू लागतात आणि ‘तुम्ही जाऊन या, मी इथेच बसतो,’ असे ते म्हणतात. त्या वाक्यात समजूतदारपणा असतो, पण आपण इतरांना ओझे झालो आहोत ही खंतही असते. या खंतीला फारसा वाव न देणारे एक ठिकाण म्हणजे विस्कॉन्सिन राज्यातील डोर काउंटी. शिकागो किंवा मिलवॉकी परिसरात आपली मुले राहत असतील, तर तिचा विचार अवश्य करावा.

मिशिगन सरोवराच्या पश्चिम किनाऱ्यावरून ईशान्येकडे निघालेला हा एक निमुळता द्वीपकल्प आहे. त्याच्या पूर्वेस अथांग सरोवर आणि पश्चिमेस ग्रीन बे हा उपसागर. सरोवराचा पैलतीर दिसत नाही, लाटा खडकांवर आदळतात. कोकणात वाढलेल्या माणसाला हा समुद्रच वाटावा. मात्र वाऱ्याला खारा वास नसतो आणि आपल्याकडच्यासारखी भरती-ओहोटीही जाणवत नाही. पश्चिमेकडे चुनखडीचे उंच कडे आहेत. नायगारा धबधबा ज्या कड्यावरून कोसळतो, त्याच खडकरांगेचा हा भाग. ‘डोर’ म्हणजे दार. द्वीपकल्पाचे टोक आणि वॉशिंग्टन बेट यांमधील सामुद्रधुनीला फ्रेंचांनी ‘मृत्यूचे दार’ म्हटले, त्यावरून हे नाव आले. तेथे पूर्वी अनेक जहाजे बुडाली. आज त्याच पाण्यातून मोटारींसह नेणारी फेरीबोट सुमारे अर्ध्या तासात बेटावर पोहोचवते, तेव्हा नाव ऐकून दचकण्याचे कारण नाही.

येथील सर्वांत मोलाची गोष्ट फिश क्रीक गावालगतच्या पेनिन्सुला स्टेट पार्कमध्ये आहे. तेथील ईगल टॉवर या मनोऱ्यावरून उपसागर, बेटे आणि वनराई यांचे विस्तीर्ण दर्शन घडते. 1932 साली बांधलेल्या जुन्या लाकडी मनोऱ्याला केवळ जिने होते. लाकूड कुजल्यामुळे 2015 मध्ये तो बंद करण्यात आला आणि पुढे उतरवला गेला. 2021 मध्ये उभ्या राहिलेल्या साठ फूट उंचीच्या नव्या मनोऱ्याला जिन्यासोबत सुमारे 850 फूट लांबीचा चढणीचा मार्गही आहे. म्हणजे चौदा फूट चालावे, तेव्हा सरासरी एक फूट चढ. वृक्षांच्या शेंड्यांमधून जाणाऱ्या या मार्गावर व्हीलचेअरही नेता येते. नातू जिन्याने धावत जाईल, आजी सावकाश कठड्याला धरून जाईल. पण दोघे पोहोचतील एकाच उंचीवर आणि पाहतील तेच पाणी. हृदयविकार वा दम्याचा त्रास असेल, तर मध्ये थांबत, बोलता येईल इतक्याच गतीने चढावे. छातीत दुखले, धाप लागली किंवा चक्कर आली, तर तेथेच थांबून सोबतच्या माणसाला लगेच सांगावे.

पूर्वेकडील बेलीज हार्बर गावात ‘द रिजेस’ हे संरक्षित वन आहे. सरोवर मागे हटताना वाळूचे एकामागोमाग एक समांतर बांध तयार झाले. त्यांवर अरण्य आणि मधल्या सखल भागांत दलदल. सरोवराच्या थंड हवेमुळे अधिक उत्तरेकडच्या वनस्पती येथे टिकून आहेत. 1937 साली या जागी प्रवासी गाड्यांचा तळ होणार होता. तेव्हा एमा टॉफ्ट आणि इतर निसर्गप्रेमींनी पुढाकार घेऊन ही भूमी वाचवली. येथे लाकडी फळ्यांची सपाट वाट असल्याने काठी वा वॉकर वापरणाऱ्यांनाही अरण्याच्या आत जाता येते. कोठे किती चालावे लागेल, हे आधी स्वागतकक्षात विचारून घ्यावे.

गावे लहान आहेत आणि हेच त्यांचे सुख. एफ्रेम हे 1853 साली मोरेव्हियन पंथीयांनी वसवलेले गाव. पांढरी घरे, पांढरी प्रार्थनामंदिरे आणि समोर शांत पाणी. किनारा पश्चिमाभिमुख असल्यामुळे मोटारीतून उतरून काही पावले टाकली, तरी सूर्यास्त पाहता येतो. सिस्टर बे येथील एका स्वीडिश उपाहारगृहाच्या गवताळ छपरावर उन्हाळ्यात चक्क शेळ्या चरतात! मे महिन्यात चेरीच्या बागा फुलतात आणि जुलैच्या उत्तरार्धात आंबट चेरी तोडणीला येते. ऑक्टोबरात मेपलची पाने लाल-केशरी होतात. हिवाळ्यात मात्र बरीच दुकाने व निवासस्थाने बंद असतात.

आता पथ्याच्या चार गोष्टी. शिकागोहून मोटारीने चार-साडेचार तास लागतात. दीड-दोन तासांनी उतरून चार पावले चालावे आणि बसल्या जागी घोटे हलवावेत. दीर्घकाळ पाय लोंबते राहिल्यास रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. लघवीच्या भीतीने पाणी पिणे टाळू नये. औषधे हाताशीच ठेवावीत. इन्सुलिन तापलेल्या मोटारीत ठेवून जाऊ नये. उन्हाळ्यातही सरोवराकाठी वारा गार असतो, म्हणून स्वेटर व कानटोपी सोबत असावी. गवतातील गोचिडांमुळे या राज्यात लाइम रोग होतो; पूर्ण पायघोळ कपडे घालावेत आणि परतल्यावर अंग तपासावे. चेरीच्या पायमध्ये साखर भरपूर असते, तेव्हा मधुमेहींनी एखादा घासच चाखावा. ‘फिश बॉइल’ या स्थानिक पदार्थात मासे, बटाटे व कांदे पुष्कळ मीठ घातलेल्या पाण्यात उकळतात; रक्तदाबाच्या रुग्णांनी हे ध्यानात ठेवावे. मोठे रुग्णालय स्टर्जन बे शहरात, म्हणजे द्वीपकल्पाच्या दक्षिण भागात आहे. त्यामुळे मुक्काम ठरवताना ते अंतर पाहावे. तातडीचा क्रमांक 911. प्रवासविम्यात आधीपासूनच्या आजारांचा समावेश आहे का, हे भारतातून निघण्यापूर्वीच तपासावे.

काळजी घेणाऱ्या मुला-सुनांना, लेकी-जावयांना एक विनंती. दिवसाला एकच ठिकाण ठरवा. ते सकाळी पाहा, दुपारी विश्रांती घ्या आणि संध्याकाळ पाण्याकाठी घालवा. आळीपाळीने एकाने ज्येष्ठांसोबत थांबावे व दुसऱ्याने मनमोकळे भटकून यावे. शुश्रूषा करणाऱ्यालाही सुट्टी हवी असते. आणि ते एक ठिकाण कोणते, हे आई-बाबांना विचारून ठरवा. ‘तुम्हाला झेपेल का?’ हा प्रश्न त्यांनी पुष्कळदा ऐकलेला असतो. ‘तुम्हाला काय पाहायचे आहे?’ हे मात्र त्यांना फार दिवसांत कोणी विचारलेले नसते.