आयता दुभाष्या

आमच्या घरीं दाते पंचांग, आणि आजोळीं टिळक पंचांग. एखाद्या वर्षीं दोहोंतला अधिक मास निराळा पडला म्हणजे आजोळचा गणपति आमच्याआधीं महिनाभर येऊन जाई. ‘खरी चतुर्थी कोणती?’ असें मीं आजीला विचारलें, तेव्हां ती म्हणाली, ‘अरे, आपल्या घरांत जी पाळतात ती.’ त्या उत्तरानें माझें पूर्ण समाधान झालें. तसल्याच समाधानानें पन्नाशी उलटल्यावर मला खालीं मान घालावयास लाविलें, ती ही हकीकत.

मी पुण्यांतील एका महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकवितों. सी भाषेच्या परीक्षेंत माझा एक आवडता प्रश्न ठरलेला असे. एका संख्येची किंमत १ आहे. एकाच आज्ञेंत ती शेजारीं शेजारीं दोनदां छापावयाची, आणि प्रत्येक वेळीं किंमत घेतल्यावर ती एकानें वाढवावयाची. तर पडद्यावर काय उमटेल? भोळा विद्यार्थी ‘१ २’ लिही. मी ऐटीनें सांगें, ‘नाहीं! उत्तर २ १. कंपायलर उजवीकडून आरंभ करितो.’

मागें एकदां निकालाच्या दुसऱ्या दिवशीं एक विद्यार्थिनी आपला मॅक संगणक घेऊन माझ्या खोलींत आली. ‘सर, माझ्याकडे १ २ असेंच येतें,’ ती हळूच म्हणाली.

‘मग तुझ्याकडे जीसीसी नसेल.’

तिनें माझ्यासमोर ‘जीसीसी’ हींच अक्षरें टंकलीं. उत्तर आलें, ‘१ २’. मीं माझ्या लिनक्सच्या यंत्रावर तींच अक्षरें टंकलीं. उत्तर आलें, ‘२ १’. मजकूर तोच, हांक तीच, आणि उत्तरें दोन!

ज्यांचा या शास्त्राशीं संबंध नाहीं अशा वाचकांसाठीं थोडा खुलासा करितों. यंत्राला सी भाषा कळत नाहीं. तिचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करणारा जो दुभाष्या, तो कंपायलर. ही भाषा डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास युनिक्स प्रणालीसाठीं घडविली. तेथें ‘सीसी’ एवढीं दोन अक्षरें टंकलीं कीं दुभाष्या हजर होई. युनिक्सच्या वंशांतील प्रणालींनीं हांक मारण्याची ही रीत पुढें चालविली. ओ देणारा मात्र बदलत गेला. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८७ सालीं जीसीसी सर्वांस खुला करून दिला, आणि लिनक्सच्या बहुतेक घराण्यांत ‘सीसी’ म्हणजे जीसीसी असें ठरून गेलें. २००७ सालीं त्याच्या परवान्याच्या अटी बदलल्या. त्या फ्रीबीएसडी व ॲपल यांना मानवल्या नाहींत. त्याच वर्षीं ॲपलनें क्लँग नांवाचा दुसरा दुभाष्या खुला केला. फ्रीबीएसडीनें २०१४ च्या दहाव्या आवृत्तीपासून त्यालाच आपला मानला; आणि ॲपलच्या यंत्रावर तर ‘जीसीसी’ म्हणून हांक मारली तरी ओ देतो तो क्लँगच. दारावरची पाटी जुनी, भाडेकरू नवा!

मग दोघांत खरा कोण? येथेंच माझें अज्ञान उघडें पडलें. असल्या आज्ञेंत कोणती बाजू आधीं घ्यावी, हें भाषेच्या नियमांनीं ठरविलेलेंच नाहीं. १९८९ सालीं अमेरिकेंत या भाषेचें प्रमाणीकरण झालें, त्यांतहि अशा आज्ञेचा परिणाम अनिश्चितच ठेविला आहे. कर्निघन व रिची यांच्या ग्रंथाच्या १९८८ च्या आवृत्तींत अशी रचना चुकीची म्हणून दाखविली आहे. ती प्रत माझ्या कपाटांत आहे, आणि त्या पानावर माझ्याच पेन्सिलीची खूण आहे! विद्यार्थिनीच्या पडद्यावरहि उत्तराच्या आधीं इशाऱ्याची एक ओळ होती. क्लँग ती न विचारतां देतो. जीसीसीला सांगावें लागतें. मीं ती वाचली नाहीं, आणि जीसीसीला कधीं सांगितलेंहि नाहीं.

याचें कारण आतां उमगतें. मी शिकलों तेव्हां पुण्यांतील प्रयोगशाळांतून बोरलंडच्या टर्बो सीचा निळा पडदा सर्वत्र असे. निवड कोणीच केली नव्हती. तो तेथें होता, म्हणून सी म्हणजे टर्बो सी. तो ‘२ १’ म्हणे. पुढें लिनक्स आलें, तेंहि ‘२ १’ म्हणालें. दोन साक्षीदारांची जबानी जुळली. मग तिसऱ्याला बोलावून काय करावयाचें? ज्याला मी भाषेचा नियम समजलों, ती वस्तुतः दोन आयत्या दुभाष्यांची संवय होती. आजीचें उत्तर तरी अधिक प्रामाणिक होतें. ‘आपल्या घरांत’ एवढे शब्द तिनें न विसरतां म्हटले होते. तेच मीं गाळले.

विद्यार्थिनीचे दोन गुण मीं परत दिले व वर्गांत चूक कबूल केली. आतां प्रश्न सांगण्यापूर्वीं दोन्ही दुभाष्यांना बोलावतों, आणि त्यांचे इशारेहि वाचतों. परंतु एक शल्य राहिलेंच. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका मुलानें त्या प्रश्नाखालीं लिहिलें होतें, ‘निश्चित सांगतां येत नाहीं.’ मीं तें वर्गांत मोठ्यानें वाचून सर्वांना हंसविलें, आणि तांबड्या शाईनें शून्य दिलें. त्याचें नांव आठवत नाहीं. चेहरा मात्र आठवतो. तो वाद न घालतां खालीं बसला होता. सबंध वर्गांत बरोबर उत्तर त्या एकट्याचें होतें, आणि त्यांत मीहि आलों.